टपालाने भाड्याचे सिनेमे: तुमचे अनुभव लिहा

सहावी_रांग

नमस्कार मंडळी,

नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ ला लाल पाकिटातल्या शेवटच्या डिस्क टपालात टाकल्या आणि ती सेवा कायमची बंद केली. तेव्हापासून आमच्या घरात एक अडचण आहे. स्ट्रीमिंगच्या वर्गण्या आहेत, एक नाही, बऱ्याच आहेत. पण जो सिनेमा बघायचा ठरवावा तो नेमका कुठेच नसतो. साठच्या दशकातले जपानी सिनेमे, पूर्व युरोपातले सिनेमे, जुने माहितीपट आज एका ठिकाणी दिसतात आणि सवड काढून बसावं तर तिथून गेलेले असतात. नवऱ्याचं आणि माझं आता ठरतंय की पुन्हा टपालाने डिस्क मागवाव्यात.

अमेरिकेत ही सोय पूर्ण संपलेली नाही. गेमफ्लाय व्हिडिओ गेमबरोबर सिनेमेही पाठवते. सिअ‍ॅटलची स्केअरक्रो व्हिडिओ ही २०१४ पासून ना-नफा संस्था म्हणून चालते, तिचा संग्रह लाखाच्या वर आहे आणि ती टपालाने देशभर डिस्क देते. आणखीही लहान सेवा आहेत. पण वर्गणी भरण्याआधी जाणत्या लोकांचं ऐकावं म्हणून हा धागा काढतेय.

माझा आधीचा अनुभव थोडक्यात सांगते. चांगलं म्हणजे यादी. पाचशे सिनेमे रांगेत लावून ठेवता यायचे. कुणी एखादं नाव सुचवलं की लगेच रांगेत टाकायचं आणि विसरून जायचं. मग कधीतरी ते पाकीट दारात यायचं आणि ज्याने सुचवलं त्याची आठवण व्हायची. उशीर झाला म्हणून दंड नव्हता. परतीचं टपालहंशील आधीच भरलेलं असायचं.

वाईट म्हणजे तडे गेलेल्या डिस्क, आणि मालिकेचा तिसरा भाग आधी, दुसरा नंतर. एका सेवेने (नाव नको) तर मी परत पाठवलेली डिस्क पोचलीच नाही म्हणून तिचे पैसे कापले आणि ते परत मिळवायला मला खूप पत्रव्यवहार करावा लागला.

तुमच्या वेळी काय झालं? कोणत्या गोष्टी आधी विचारून घ्याव्यात? सविस्तर लिहा.

काळापांढरा

धागा काढल्याबद्दल आभार, ताई. मी नेटफ्लिक्सच्या अगदी सुरुवातीच्या ग्राहकांपैकी. तेव्हा वर्गणी नव्हती. १४ एप्रिल १९९८ ला त्यांचं संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा एकेक डिस्क सुटी भाड्याने घ्यायची, मुदतीत परत करायची, असा मामला होता. नऊशेच्या आसपास सिनेमे होते. तेव्हा डीव्हीडीवर जेवढं निघत होतं त्यातलं बहुतेक सगळं तिथे होतं. महिन्याची वर्गणी सप्टेंबर १९९९ मध्ये आली आणि मग चित्रच पालटलं.

तुम्ही रांगेचं लिहिलंय ते शंभर टक्के पटलं. माझं सिनेमाचं सगळं शिक्षण त्या रांगेने केलं. एका दिग्दर्शकाचा एक सिनेमा आवडला की त्याचे सगळे ओळीने लावायचे, पहिल्यापासून. आठवड्याला एक-दोन आले की मधल्या दिवसांत त्यावर विचार व्हायचा, वाचन व्हायचं. आता बारा सिनेमे समोर असतात आणि पहिल्या वीस मिनिटांत माणूस दुसरीकडे वळतो. डिस्क घरात आली की ती बघितल्याशिवाय पुढची येणार नाही, हा नियम मला फार मोलाचा वाटतो. अवघड सिनेमे मी त्या नियमामुळेच पूर्ण बघितले आणि त्यातलेच आज सगळ्यात जवळचे आहेत.

शनिवारची_सुट्टी

वाचतेय. आम्हीही याच विचारात आहोत.

टपालवेडा

सविस्तर लिहितो, कारण या विषयात टपालाची बाजू कुणी बघत नाही आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

ही कल्पना मुळात डिस्कच्या वजनामुळे शक्य झाली. व्हिडिओ कॅसेट जड आणि जाड, ती पाठवायची आणि परत मागवायची तर भाड्यापेक्षा हशील जास्त. अमेरिकेत डीव्हीडी मार्च १९९७ मध्ये आली. नेटफ्लिक्सचे संस्थापक मार्क रँडॉल्फ आणि रीड हेस्टिंग्ज यांनी तेव्हा एक संगीताची सीडी साध्या पाकिटात घालून हेस्टिंग्जच्या सांताक्रूझच्या घरी पाठवून बघितली. ती एका तिकिटाच्या खर्चात धड पोचली आणि मग कंपनी निघाली. रँडॉल्फ यांनी हे स्वतः लिहिलेलं आहे. मार्च १९९८ मध्ये ग्राहकाला गेलेली पहिली डिस्क 'बीटलज्यूस'ची.

आता खरा मुद्दा. पत्रांची वर्गवारी करणारं यंत्र पाकिटाला पट्ट्यांमध्ये पकडून रोलरवरून वेगाने वळवतं. कागदाला त्याचं काही नाही, पण डिस्क वाकते आणि मधल्या भोकापासून तडा जातो. शिवाय परतीच्या पाकिटाची पुढची कड लुळी असेल तर ते यंत्रात अडकतं. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकी टपाल खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने याच पाकिटांवर अहवाल काढला होता. ती हाताने वेगळी काढावी लागत असल्याने दोन वर्षांत ४ कोटी १९ लाख डॉलर मजुरीवर गेले, असा त्यांचा हिशेब होता.

यातून पुढे एक मोठं प्रकरण झालं. गेमफ्लायने २००९ मध्ये टपाल नियामक आयोगाकडे तक्रार केली. त्यांचं म्हणणं असं: नेटफ्लिक्सची पाकिटं टपालवाले हाताने बाजूला काढतात आणि पत्राच्याच दरात नेतात, आमच्या डिस्क यंत्रात जातात आणि फुटतात, म्हणून आम्हाला महागडं, मोठ्या सपाट पाकिटाचं हशील भरावं लागतं. २०११ मध्ये आयोगाने हा भेदभाव आहे हे मान्य केलं, पण दिलेला उपाय अपुरा होता. मग न्यायालय झालं आणि २०१३ मध्ये दर समान करण्याचा आदेश निघाला.

ग्राहक म्हणून यातून घ्यायचं ते एवढंच की पाकीट बघा. आत पुठ्ठा आहे का, आकार पत्राचा आहे की मोठा, परतीचं पाकीट वेगळं आहे की तेच उलटवून वापरायचं आहे. लहान सेवा मोठं, कडक पाकीट वापरत असेल तर एखादा दिवस जास्त लागेल पण डिस्क धड येईल. मी तरी तीच सेवा निवडेन.

कोरा_लिफाफा

@टपालवेडा, फार उपयुक्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

एक विचारायचं होतं. 'अमर्याद' असं लिहिलेल्या योजनेत प्रत्यक्षात महिन्याला किती सिनेमे पदरात पडतात? आम्ही दोघंच आहोत, आठवड्याला दोन बघू.

टपालवेडा

@कोरा_लिफाफा, अमर्याद म्हणजे टपाल जेवढं फिरेल तेवढं. असा हिशेब करा: सोमवारी डिस्क आली, त्याच रात्री बघितली, मंगळवारी सकाळी पेटीत टाकली. केंद्र जवळ असेल तर बुधवारी तिकडे पोचली, त्याच दिवशी पुढची निघाली आणि गुरुवारी तुमच्याकडे आली. म्हणजे एका डिस्कच्या योजनेत आठवड्याला फार तर दोन. केंद्र लांब असेल आणि एकेका बाजूला तीन-चार दिवस लागत असतील तर हीच गोष्ट आठवड्याला एकावरही येत नाही.

नेटफ्लिक्सची भरभराट होती तेव्हा पन्नासच्या वर वितरण केंद्रं होती, त्यामुळे बहुतेकांना दुसऱ्या दिवशी पाकीट मिळायचं. शेवटी मोजकीच उरली. जुलै २०१४ मध्ये त्यांनी शनिवारचं कामही थांबवलं, तेव्हा शुक्रवारी परत केलेली डिस्क सोमवारपर्यंत तशीच पडून. त्याच वर्गणीत कमी सिनेमे येऊ लागले ते असे.

तुम्हाला आठवड्याला दोन हवे असतील आणि सेवा दूरच्या राज्यातली असेल तर एकावेळी तीन-चार डिस्क देणारी योजना घ्या. आणि सगळ्या बघून मग एकदम परत करू नका. एक बघितली की एक टाकायची.

खिडकीजवळची

वर कुणीतरी लिहील असं वाटलं होतं म्हणून थांबले होते, पण आता लिहितेच. भरपूर सिनेमे बघणाऱ्यांना मुद्दाम मागे ठेवण्याचा प्रकारही होता. ही ऐकीव गोष्ट नाही. २००४ मध्ये नेटफ्लिक्सवर याच कारणाने ग्राहकांच्या वतीने दावा झाला, तो पुढे तडजोडीत मिटला. जानेवारी २००५ मध्ये कंपनीने आपल्या अटींमध्येच लिहिलं की एकाच डिस्कसाठी अनेक जण थांबले असतील तर कमी डिस्क घेणाऱ्याला प्राधान्य मिळेल. म्हणजे जो जास्त बघतो त्याला नवे सिनेमे उशिरा.

कंपनीच्या बाजूने कारण समजतं. प्रत्येक फेरीला दोन्ही बाजूंचं हशील तीच भरते, वर्गणी मात्र ठरलेली. पण मग 'अमर्याद' हा शब्द जाहिरातीत नको होता. ग्राहकाला खरं काय ते आधी सांगावं, मग त्याने ठरवावं. माझा आग्रह आहे की कुठल्याही नव्या सेवेला हा प्रश्न स्पष्ट विचारा: माझ्या रांगेतला पहिला सिनेमा उपलब्ध नसेल तर तुम्ही थांबता की दुसरा पाठवता? आणि एका सिनेमाच्या किती प्रती ठेवता?

माझ्या बाबतीत एका लहान सेवेकडे रांगेच्या वरच्या सगळ्या सिनेमांपुढे 'बराच काळ प्रतीक्षा' असंच यायचं. येत राहायचे ते शेवटून लावलेले. त्यांच्याकडे बहुतेकांची एकच प्रत होती आणि ती कुणाच्या तरी घरी पडून. उशिराचा दंड नाही, ही सोय अशी दुसऱ्याच्या अंगावर येते.

काळापांढरा

@खिडकीजवळची, तुमचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. दंड नाही म्हणून लोक महिनोन्‌महिने डिस्क टीव्हीवर ठेवून देत. माझे एक मित्र गंभीर माहितीपट मागवत आणि ते तसेच राहत. वर्गणी चालू, डिस्क घरात, बघणं शून्य. अशा ग्राहकांवरच या सेवांचा ताळेबंद जमायचा हे खरं असलं तरी ज्याला तोच माहितीपट हवा आहे त्याचं नुकसान होतंच.

दोनथर

डिस्कच्या प्रकृतीबद्दल लिहितो. माझा व्यवसाय याच्याशी जवळचा आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लास्टिकच्या चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, एकूण जाडी १.२ मिलिमीटर. माहिती मधोमध असते. म्हणून वरचा ओरखडा घासून, पॉलिश करून काढता येतो. माहितीपर्यंत पोचायला अर्धा मिलिमीटर वाव असतो. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर आहे. त्यावर कडक लेप असतो, त्यामुळे ओरखडे सहसा पडत नाहीत. पण खोल पडला तर घासून काढणं जवळजवळ अशक्य. भाड्याच्या डिस्कमध्ये हा फरक फार जाणवतो: डीव्हीडी खराब दिसते आणि चालते, ब्लू-रे बरी दिसते आणि अडते.

ओरखड्याची दिशा बघा. मध्यापासून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा प्लेअर बहुतेक वेळा सांभाळून घेतो, कारण प्रत्येक फेरीत थोडीशीच माहिती जाते आणि ती दुरुस्त करण्याची सोय डिस्कवरच असते. गोलाकार, फिरण्याच्या दिशेने गेलेला ओरखडा वाईट, कारण सलग मोठा तुकडा वाचता येत नाही. पुसतानाही हेच: मऊ कापड, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नये. बोटांचे डाग असतील तर साबणाचं पाणी पुरतं.

आणि तडा. मधल्या भोकाशी केसाएवढा जरी तडा दिसला तरी ती डिस्क लावू नका. विशेषतः संगणकाच्या ड्राइव्हमध्ये, जिथे ती फार वेगाने फिरते, तिथे तिचे तुकडे होऊ शकतात आणि ड्राइव्ह जातो. फोटो काढा, तक्रार नोंदवा, परत पाठवा.

सहावी_रांग

@दोनथर, हे अगदी हवं होतं! आमच्याकडे तडे गेलेल्या डिस्क यायच्या तेव्हा आम्ही उजेडात धरून बघायचो आणि मग 'लावून तर बघू' म्हणायचो. आता तसं होणार नाही.

फोटोचा सल्ला सगळ्यांनी लक्षात ठेवावा. पैसे कापल्याचं मी वर लिहिलं त्या वादात माझ्याकडे पुरावा असता तर एका दिवसात मिटलं असतं. डिस्क पेटीत टाकताना पाकिटाचा फोटो, तारीख दिसेल असा. एवढंच पुरे.

परगावचा_प्रेक्षक

इंग्लंडमधून लिहितोय. इकडे लव्हफिल्म होती. अ‍ॅमेझॉनने २०११ मध्ये ती पूर्ण ताब्यात घेतली आणि ३१ ऑक्टोबर २०१७ ला टपालाची सेवा बंद केली. आता सिनेमा पॅराडिसो चालू आहे आणि तिच्याकडे संग्रह मोठा आहे.

आमच्याकडचा एक वेगळा अनुभव. मी ज्या सेवेचा ग्राहक होतो तिथे सिनेमांचा क्रम लावताच यायचा नाही. फक्त जास्त, मध्यम, कमी अशी पसंती द्यायची आणि त्यातून ते काहीही पाठवत. मला क्रमाने बघायला आवडतं, त्यामुळे फार त्रास झाला. शेवटी मी यादीत मोजकेच सिनेमे ठेवू लागलो, म्हणजे हवं तेच येईल. पण यादी लहान ठेवली की डिस्क पाठवायलाच वेळ लागायचा. तेव्हा क्रम पाळतात का, हेही विचारा.

कलम_दर_कलम

एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. काळापांढरा आणि धागाकर्ती दोघांनीही म्हटलं की डिस्कच्या सेवेत जे मिळायचं ते स्ट्रीमिंगवर मिळत नाही. लोकांना वाटतं हा कंपन्यांचा आळस आहे. कारण कायद्यात आहे.

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०९ नुसार कायदेशीरपणे विकत घेतलेल्या प्रतीवर घेणाऱ्याचा हक्क असतो. ती तो विकू शकतो, कुणाला देऊ शकतो आणि सिनेमाची असेल तर भाड्यानेही देऊ शकतो. स्टुडिओची परवानगी लागत नाही. संगीताच्या ध्वनिमुद्रणाला ही मोकळीक नाही, १९८४ च्या दुरुस्तीने ती काढली. म्हणूनच भाड्याने गाण्यांच्या सीडी देणारी दुकानं अमेरिकेत नव्हती. सिनेमाला मात्र ती राहिली. त्यामुळे डिस्क बाजारात आली की ती विकत घ्यायची आणि पाकिटात घालून पाठवायची, एवढं पुरत होतं. कुणाशी करार नाही, मुदत संपणं नाही.

स्ट्रीमिंगमध्ये असं काहीच नाही. तिथे प्रत्येक सिनेमाचा परवाना घ्यावा लागतो, तो ठरावीक काळापुरता असतो आणि हक्कधारकाला वाटलं तर तो देतच नाही. ज्या जुन्या सिनेमाचे हक्क नेमके कुणाकडे आहेत हेच धड ठरलेलं नाही, तो स्ट्रीमिंगवर यायचाच नाही. पण त्याची वीस वर्षांपूर्वी निघालेली डिस्क आजही भाड्याने देता येते. माझ्या मते टपालाच्या सेवेचा खरा जीव इथे आहे, सोयीत किंवा स्वस्ताईत नाही. लहान सेवा टिकाव्यात असं मला मनापासून वाटतं ते त्यासाठी.

भारतात कायदा वेगळा आहे. तिथे सिनेमाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क कलम १४ नुसार सिनेमाच्या हक्कधारकाकडेच असतो. सेव्हंटीएमएम किंवा बिगफ्लिक्ससारख्या भारतातल्या सेवांची गणितं त्यामुळे इथल्यासारखी नव्हती.

काळापांढरा

@कलम_दर_कलम, इतकी वर्षं डिस्क घेतल्या आणि यामागचं कारण आज कळलं. मनःपूर्वक आभार.

पण मग २०१० च्या सुमारास नवे सिनेमे महिनाभर उशिरा का यायला लागले? तेव्हा दुकानात डिस्क विकायला असायची, आमच्या रांगेत मात्र नाही.

कलम_दर_कलम

@काळापांढरा, तो कायदा नव्हता, करार होता. जानेवारी २०१० मध्ये नेटफ्लिक्सचा वॉर्नर ब्रदर्सबरोबर २८ दिवसांचा करार झाला आणि काही महिन्यांत युनिव्हर्सल आणि फॉक्सही त्यात आले. नव्या डिस्क विक्रीला आल्यावर २८ दिवस भाड्याने द्यायच्या नाहीत. बदल्यात डिस्क स्वस्तात आणि स्ट्रीमिंगसाठी जास्त सिनेमे. स्टुडिओंना विक्री वाचवायची होती, कंपनीला स्ट्रीमिंग वाढवायचं होतं. २०१२ मध्ये वॉर्नरने तो काळ ५६ दिवसांवर नेला.

याच काळात काही स्टुडिओ भाड्यासाठी वेगळ्या डिस्क काढू लागले. सिनेमा तोच, पण दिग्दर्शकाचं भाष्य, गाळलेले प्रसंग, पडद्यामागचं काम यातलं काही नाही.

खिडकीजवळची

बरोबर! मेनू उघडला की ते विभाग दिसायचे आणि दाबलं की 'हे पाहण्यासाठी डिस्क विकत घ्या' असा मजकूर. माझ्यासारखीला, जी भाष्य ऐकण्यासाठीच डिस्क मागवायची, तिला हे फार लागलं. दिग्दर्शक किंवा छायालेखक सिनेमाबरोबर बसून कुठे दिवा ठेवला, कुठे अपघाताने ऊन आलं हे सांगतो ते मी दुसरीकडे कुठेच ऐकलेलं नाही. स्ट्रीमिंगवर तर ते फारच क्वचित.

टपालाची सेवा घेणाऱ्यांनी जुन्या, विक्रीसाठी निघालेल्या आवृत्त्या मागवाव्यात. चांगल्या सेवा कोणती आवृत्ती आहे ते यादीत लिहितात. लिहिलं नसेल तर विचारा.

शनिवारची_सुट्टी

२०११ चा गोंधळ कुणाला आठवतो का? आमच्या घरी तेव्हा फार चिडचिड झाली होती.

टपालवेडा

@शनिवारची_सुट्टी, कसा विसरेन. जुलै २०११ मध्ये नेटफ्लिक्सने डिस्क आणि स्ट्रीमिंग वेगळं केलं. दोन्ही मिळून ९.९९ डॉलर होते, ते प्रत्येकी ७.९९ झाले. मग १८ सप्टेंबरला जाहीर केलं की डिस्कची सेवा 'क्विकस्टर' नावाने वेगळी होणार, संकेतस्थळ वेगळं, बिल वेगळं, यादीही वेगळी. लोक इतके संतापले की १० ऑक्टोबरला ते मागे घेतलं. त्या तिमाहीत अमेरिकेतले आठ लाख ग्राहक गेले.

लोकांना दरवाढ लागलीच, पण माझ्या मते जास्त लागलं ते यादी तोडणं. एक सिनेमा हवा असेल तर तो डिस्कवर आहे की स्ट्रीमिंगवर, हे एकाच ठिकाणी दिसत होतं. ग्राहकाने स्वतः वर्षानुवर्षं मेहनतीने लावलेली यादी ही त्याचीच वस्तू असते.

सहावी_रांग

@टपालवेडा, शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. सेवा बंद होताना निदान यादी, दिलेले गुण आणि आजवर काय काय घेतलं ते सगळं उतरवून घेता आलं. मी घेतलं आहे. आता वर्गणीआधी त्या यादीतले पहिले शंभर सिनेमे नव्या सेवांच्या संग्रहात आहेत का ते तपासतेय. हीच सगळ्यात चांगली परीक्षा वाटते. संग्रहाचा आकडा कितीही मोठा असो, माझे सिनेमे त्यात हवेत.

मध्यंतर

बंद होतानाच्या वेळेबद्दल थोडं लिहिते. शेवटच्या दिवसांत ग्राहकांना रांगेतल्या जास्तीत जास्त दहा डिस्क अचानक येऊ शकतील असं सांगितलं होतं आणि शेवटच्या डिस्क परत करायची गरज नव्हती. आम्हाला काही आल्या. त्यातला एक सिनेमा माझ्या वडिलांनी फार पूर्वी सांगून रांगेत टाकलेला होता. ते आता नाहीत. घरात सगळ्यांनी तो मिळून बघितला.

पंचवीस वर्षांत ५२० कोटींपेक्षा जास्त डिस्क पाठवल्याचं कंपनीने तेव्हा जाहीर केलं होतं. एवढ्या डिस्क पेटीत नेऊन टाकणारे पोस्टमन आणि पाकिटं उघडून, पुसून, तपासून परत भरणारे कामगार यांच्याबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही. पहाटेच्या पाळीत ते काम चालायचं. सकाळी परत आलेली डिस्क त्याच दिवशी दुसऱ्याच्या नावाने निघायची ती त्यांच्यामुळे. या धाग्यावर त्यांचा उल्लेख असावा म्हणून लिहिलं.

काळापांढरा

@मध्यंतर, लिहिलंत ते फार बरं केलंत. वडिलांची आठवण वाचून गलबललं.

कोरा_लिफाफा

सगळे प्रतिसाद वाचून आम्ही ठरवलं: एकावेळी तीन डिस्कची योजना, पहिला महिना बघून पुढचं. खिडकीजवळची यांचे प्रश्न एका सेवेला ईमेलने पाठवले. दुसऱ्या दिवशी माणसाने लिहिलेलं, नीट उत्तर आलं: बहुतेक सिनेमांची एकच प्रत आहे, क्रम पाळतात, पहिला नसेल तर पुढचा पाठवतात, आणि तडा गेलेल्या डिस्कचा फोटो पाठवला की ती परत पोचायची वाट न बघता पुढची निघते. इतकं स्पष्ट उत्तर मिळाल्यावर विश्वास बसला.

आता एक तांत्रिक शंका. आमचा जुना प्लेअर बिघडला. सासूबाई पुढच्या महिन्यात भारतातून येताहेत, त्यांच्याकडे एक चांगला ब्लू-रे प्लेअर पडून आहे. तो आणायला सांगू का? इथल्या भाड्याच्या डिस्क त्यावर चालतील?

दोनथर

@कोरा_लिफाफा, सांगू नका, बहुधा चालणार नाहीत. डिस्क आणि प्लेअर जगाच्या ठरावीक विभागांपुरते बांधलेले असतात. डीव्हीडीसाठी अमेरिका विभाग १ मध्ये आणि भारत विभाग ५ मध्ये येतो. ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए' आणि भारत 'सी'. भाड्याच्या डिस्क इथल्या बाजारातून घेतलेल्या असतात, त्यामुळे बऱ्याचशा विभाग १ किंवा 'ए' च्या. तिकडचा प्लेअर सर्व विभागांचा असेल तरच उपयोग, आणि तसं मागच्या बाजूच्या खुणेवर लिहिलेलं असतं. पृथ्वीगोलाचं चित्र आणि त्यात आकडा. सासूबाईंना तो आकडा वाचून सांगायला सांगा. शिवाय तिकडचा प्लेअर २२० व्होल्टचा आहे का तेही बघावं लागेल.

उलट बाजूने अडचण कमी आहे. भारतात निघालेल्या हिंदी-मराठी सिनेमांच्या पुष्कळ डीव्हीडी सर्व विभागांसाठी असतात, त्या इथल्या प्लेअरवरही लागतात. फक्त पाल पद्धतीची (भारतातली टीव्हीच्या चित्राची पद्धत) असेल तर इथले काही जुने प्लेअर ती घेत नाहीत.

संगणकाला जोडायचा ड्राइव्ह घेणार असाल तर त्याचा डीव्हीडीचा विभाग पाच वेळाच बदलता येतो, मग तो शेवटच्या विभागावर कायम होतो. इथेच एक साधा नवा प्लेअर घ्या.

कोरा_लिफाफा

समजलं, इथलाच घेतो. आभार!